गळ्याआधीचा कान

ऑस्ट्रियातील आवाजशास्त्रज्ञ ख्रिस्तियन हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली क्वीन या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या आवाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. गायक जाऊन पंचवीस वर्षे होत आली होती, त्यामुळे त्यांच्या हाती होत्या त्या जुन्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणे. मुलाखतींतला त्याचा बोलण्याचा स्वर त्यांनी मोजला, तेव्हा तो सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा निघाला. एवढा खाली बोलणारा माणूस सहसा बॅरिटोन असतो. उंच पट्टीत गाणाऱ्या टेनरचा आवाज बोलतानाही याहून वर असतो. लांबवलेल्या स्वरावर येणारा त्याचा कंप सेकंदाला सातच्या आसपास होता. ऑपेराच्या सराईत गायकांत तो साधारण साडेपाच ते सहा असतो. आवाजातली ती ओळखीची खरखर कुठून येते हे पाहण्यासाठी संशोधकांनी एका व्यावसायिक रॉक गायकाला तशी नक्कल करायला लावली आणि त्याच्या स्वरयंत्राचे चित्रण केले. खऱ्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. साध्या गाण्यात ती स्वस्थ असते. या नक्कलेत तीही थरथरताना दिसली. आणि ज्या चार सप्तकांची कीर्ती जगभर सांगितली जाते, ती काही ध्वनिमुद्रणांत सापडली नाहीत. सापडली ती तीन सप्तके आणि वर एक अर्धस्वर.

हा अभ्यास वाचून अनेकांनी निष्कर्ष काढला की निसर्गाने या माणसाला काही वेगळाच गळा दिला होता. आकडे मात्र मला वेगळे सांगतात. ज्याचा मूळ आवाज बॅरिटोनचा, तो आयुष्यभर टेनरच्या पट्टीत गायला. ज्या पडद्यांशिवाय गाता येते, ते त्याने कामाला लावले, आणि तेही हवे तिथेच. आवाज कुठे न्यायचा आणि कुठे खरखरीत करायचा हे गळा ठरवत नाही. त्यासाठी मनात आधी एक नाद असावा लागतो आणि तो कुठून तरी ऐकलेला असावा लागतो. तानसेनाच्या जोडीला मराठीने कानसेन हा शब्द घडवला तो जाणत्या श्रोत्यासाठी. मर्क्युरीचा मोठेपणा समजायचा असेल तर त्याच्याकडे आधी कानसेन म्हणून पाहावे असे मला वाटते. त्याने काय ऐकले, किती मोकळेपणाने ऐकले आणि ऐकलेल्यांत उच्चनीच कसे मानले नाही, यात त्याच्या संगीताची किल्ली आहे.

त्याचे नाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये. घराणे पारशी, मूळ गुजरातमधल्या बलसाडचे, आडनाव तिथलेच. वडील बोमी ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. झांझिबार हे तेव्हा ब्रिटिशांच्या छत्राखालचे अरबी सुलतानाचे बेट. तिथल्या ताराब गायनात इजिप्तची तंतुवाद्ये, हिंदुस्थानी पेटी आणि स्वाहिली शब्द एकत्र नांदत आलेले. घरात अवेस्तातील प्रार्थना आणि गुजराती बोली, खिडकीबाहेर अजान. १९५५ साली, आठ वर्षांच्या वयात, त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत पाठवले गेले. पुढची आठ वर्षे त्याचे बालपण या पठारावर गेले. सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जायचे, आईवडिलांची भेट क्वचित. फ्रेडी हे नाव त्याला इथेच मिळाले. पियानोचे रीतसर धडे आणि त्यांच्या परीक्षा, शाळेच्या गायनवृंदात चर्चची स्तोत्रे, आणि रेडिओ. तो काळ रेडिओ सिलोनचा. १९५२ नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली आणि देशभरचे श्रोते सिलोनकडे वळले. तिथे हिंदी सिनेमाची गाणी होती आणि इंग्रजी पॉपही होते. रेडिओवर एकदा कानावर पडलेले गाणे फ्रेडी उठून पियानोवर जसेच्या तसे वाजवी, ही आठवण त्याच्या शाळासोबत्यांनी पुढे पुन्हापुन्हा सांगितली आहे.

१९५८ च्या सुमारास त्या शाळेत पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवत. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो पियानोवर बसे आणि मागून साथीचे सूर भरी. विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रसिद्ध गळ्यांपैकी एक ज्याचा, त्याला त्याच्या पहिल्या बँडमध्ये गळ्यासाठी कोणी घेतले नव्हते. त्याला घेतले होते ते ऐकून वाजवता येते म्हणून. लंडनमध्येही हे लगेच बदलले नाही. १९६४ च्या जानेवारीत झांझिबारमध्ये क्रांती झाली, त्यात हजारो माणसे मारली गेली, आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला फेल्टममध्ये येऊन राहिले. फ्रेडी ईलिंगच्या कलामहाविद्यालयात आरेखन शिकला, जिमी हेंड्रिक्सच्या मागे वेडा झाला आणि १९६९ पासून आयबेक्स, सावर मिल्क सी अशा अल्पजीवी बँडमधून गाऊ लागला. त्या दिवसांत त्याच्या आवाजातला कंप बेलगाम होता आणि आवाजात जोर असला तरी ताबा नव्हता, असे त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने क्वीनची स्थापना केली, १९७१ मध्ये जॉन डीकन आले, आणि १९७३ च्या पहिल्या तबकडीपर्यंत तोच गळा ताब्यात आला होता. चार वर्षांत शरीर बदलत नाही. कानाच्या हुकमात राहायला गळा शिकतो.

पाचगणीच्या नावाने आपल्याकडे एक मोह नेहमी होतो. मर्क्युरीच्या गाण्यात हिंदुस्थानी संगीत शोधायचे, एखाद्या हरकतीत कुणा पार्श्वगायिकेची छाया पाहायची, म्हणजे तो ‘आपला’ ठरतो. प्रामाणिकपणे पाहिले तर हाती फार थोडे लागते. क्वीनच्या गाण्यांत राग नाहीत, भारतीय ताल नाहीत. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त बिस्मिल्ला हा शब्द येतो आणि १९७८ च्या ‘मुस्तफा’ या गाण्यात अजानची आठवण करून देणारी आरोळी येते. त्यांचा धागा गेलाच तर झांझिबारकडे जातो. जॉर्ज हॅरिसन मुद्दाम रविशंकरांकडे सतार शिकायला आला. जो आठ वर्षे इथे वाढला, त्याने सतारीला हात लावला नाही. पाचगणीने त्याला दिले ते पाश्चात्त्य संगीतच, पण एका विशिष्ट अंतरावरून दिले, आणि त्या अंतराला मी फार महत्त्व देतो.

इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मुलाच्या कानावर कोणतेही संगीत नुसते संगीत म्हणून पडत नसे. ऑपेरा म्हणजे कॉव्हेंट गार्डनचे महागडे तिकीट आणि ते परवडणारा वर्ग. म्युझिक हॉल म्हणजे कामगारवस्तीतली थिएटरे, आजोबांच्या पिढीची गंमत, तरुणांनी ओशाळावे अशी. रॉक अँड रोल म्हणजे बंड, आणि बंड करणाऱ्याने आधीच्या साऱ्याचा त्याग केलाच पाहिजे. कोणते गाणे कोणाचे आणि कोणाला शोभते हे मुलाला गाण्याबरोबरच शिकवले जाई. पाचगणीच्या वसतिगृहात हे लेबल पोहोचत नव्हते. स्तोत्र इंग्लंडहून आलेले, पियानोच्या परीक्षेतला तुकडा जर्मनीचा किंवा ऑस्ट्रियाचा, लिटल रिचर्ड जॉर्जियाचा, फॅट्स डॉमिनो न्यू ऑर्लीन्सचा. सह्याद्रीच्या माथ्यावरून पाहिले तर हे सगळे सारखेच दूर, आणि म्हणून सारखेच जवळचे. ज्या मुलाला एकही संगीत वारशाने मिळाले नाही, त्याला कोणतेही संगीत परके मानायचे कारण उरले नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा येईल की मिश्रण हा त्या काळाचाच धर्म होता. १९६७ मध्ये बीटल्सनी ‘सार्जंट पेपर्स’मध्ये सर्कस, सतार, तंतुवाद्ये आणि म्युझिक हॉल एका तबकडीत आणले. द हू या बँडने १९६९ मध्ये ‘टॉमी’ला रॉक ऑपेरा म्हटले. इमर्सन, लेक अँड पामर यांनी मुसॉर्ग्स्कीच्या कृतीचे भाग रॉकमध्ये वाजवले. मग यासाठी पाचगणीपर्यंत कशाला जायचे? आक्षेप खरा आहे, आणि बीटल्स नसते तर क्वीनला स्टुडिओत तेवढी मुभा मिळाली नसती हेही खरे. तरीही त्या मिश्रणाच्या मुळाशी पाहावे. पॉल मॅकार्टनीचा म्युझिक हॉल घरातून आला. त्याच्या वडिलांचा स्वतःचा जॅझ बँड होता. ते वारशाचे गाणे होते आणि त्यात वारशाची माया आहे. इमर्सनच्या बँडने अभिजात संगीत घेतले तेव्हा रॉकला प्रतिष्ठा मिळावी ही आस लपत नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त मर्क्युरीने ऑपेराची एकही तयार चाल उचलली नाही. त्याने घेतली ती ऑपेराची अतिशयोक्ती: भावना एवढी मोठी करायची की ती खोटी वाटण्याच्या काठावर जाईल, आणि तिथेच तिला खरी ठेवायची. हे घेताना तो कोणत्याही वरच्या पायरीवर चढत नव्हता, कारण त्याच्या लेखी पायऱ्याच नव्हत्या.

पियानोच्या धड्यांचा एक ठसा तर सहज तपासून पाहता येतो. गिटार हाती धरणारे बँड सहसा इंग्रजीतील ई, ए, डी किंवा जी या पट्ट्यांत गाणी रचतात, कारण गिटारच्या मोकळ्या तारा त्यांना सोयीच्या पडतात. मर्क्युरीची गाणी पाहावीत. ‘किलर क्वीन’ आपल्या पेटीच्या भाषेत काळी दोनवर, ‘समबडी टू लव्ह’ काळी चारवर, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची सुरुवात काळी पाचवर. गिटारवाद्याच्या बोटांना या पट्ट्या अडचणीच्या, आणि ब्रायन मे यांनी ही अडचण अनेकदा बोलून दाखवली आहे. पण त्या अडचणीनेच मे यांना गिटारवर नेहमीच्या जागा सोडून वेगळ्या जागा शोधायला लावले, आणि क्वीनची गिटार दुसऱ्या कुणासारखी वाजत नाही याचे एक कारण हे आहे. डाव्या हाताने खर्ज आणि उजव्याने सूर सांभाळणाऱ्याला गाण्याच्या सगळ्या मजल्यांचा एकदम विचार करायची सवय लागते. ती सवय १९७५ मध्ये कामी आली.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे आहे आणि त्याला धृपद नाही. धृपद म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळी. पॉप गाणे ज्यावर उभे असते, तोच खांब इथे काढून टाकला आहे. आरंभी केवळ कंठांचा मेळ, मग काळी पाच आणि काळी दोनवरचे भावगीत, त्यातून वर जाणारी गिटार, मग एकाएकी पांढरी सहावर उडी मारून ऑपेरा, पुन्हा काळी दोनवर रॉक, आणि शेवटी पांढरी चारवर विसावा. ऑपेराच्या भागात जो जमाव ऐकू येतो, तो तिघांचा आहे. वरचे सूर रॉजर टेलर, मधले मर्क्युरी, खालचे ब्रायन मे. तिघे एक ओळ एकत्र गात, मग तीच ओळ पुन्हा, मग पुन्हा. तेव्हाच्या फितीवर चोवीस पट्टे असत. ते भरले की अनेक पट्टे एकत्र करून एका पट्ट्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी आणखी आवाज चढवायचे. असे करत काही ठिकाणी आवाजांचे थर १८० पर्यंत गेले. फीत यंत्राच्या टोकांवरून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसू लागले. एकट्या ऑपेराच्या भागाला सुमारे तीन आठवडे लागले. निर्माते रॉय थॉमस बेकर यांनी उमेदवारीच्या काळात डेका कंपनीत ऑपेरेटांच्या ध्वनिमुद्रणांवर काम केले होते, ते इथे उपयोगी पडले. पण संपूर्ण आराखडा एका माणसाच्या डोक्यात होता. बाकीच्यांना पुढच्या तुकड्याला काय येणार हे गाऊन होईपर्यंत नीट कळत नसे. मर्क्युरी चिठोऱ्यांवर टिपलेले सूर पियानोवर ठोकून दाखवी आणि मध्येच थांबून इथे ऑपेरा येणार असे सांगे. अजून अस्तित्वात नसलेला शंभरजणांचा वृंद ज्याला आतून ऐकू येतो, त्याच्या कानाची तयारी कोणत्या दर्जाची असेल याचा अंदाज यावरून करावा.

क्वीनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीला हे गाणे रेडिओसाठी फार लांब वाटत होते. निवेदक केनी एव्हरेट याने आपल्या कार्यक्रमांत एका शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवले आणि प्रश्न मिटला. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

टीकाकारांचे समाधान मात्र झाले नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉक समीक्षेने क्वीनवर जो राग धरला त्याचे सार असे: हे सगळे वेषांतर आहे, या माणसाला स्वतःचे काहीच सांगायचे नाही, म्हणून तो आज ऑपेरा, उद्या गॉस्पेल, परवा एल्व्हिस अंगावर चढवतो. हा आरोप उडवून लावण्यासारखा नाही, कारण वेषांतराची हौस त्याला खरोखरच होती. ‘सीसाइड राँदेव्हू’मध्ये जी सनईसारखी आणि तुतारीसारखी वाद्ये ऐकू येतात, ती वाद्ये नाहीत, फुंकवाद्यांचे मऊ आवाज मर्क्युरीने आणि पितळी वाद्यांचे टेलर यांनी तोंडाने काढले आहेत. मधला पायांचा ठेका बोटांना शिंप्याची अंगुस्ताने लावून वाजवला आहे. ही नक्कल आहे यात शंका नाही. पण नक्कल ही ऐकण्याची सर्वांत कडक परीक्षा असते. ज्याने क्लॅरिनेटचा श्वास नीट ऐकला नाही त्याला तो तोंडाने काढता येणार नाही.

‘समबडी टू लव्ह’ हे याहून भक्कम उत्तर आहे. १९७६ च्या या गाण्यामागे गायिका अरेथा फ्रँकलिन आहे, हे मर्क्युरीने कधी लपवले नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनात एक आवाज पुढे येऊन विनवतो आणि वृंद त्याला उत्तर देतो. वृंदाने उत्तर दिले की एकटा आवाज मोडून पडतो आणि पुन्हा उभा राहतो. ही रचना त्याने घेतली. वृंद नव्हताच, पुन्हा तेच तीन गळे, थरावर थर. आता फरक पाहावा. चर्चमध्ये वृंद म्हणजे समाज, आणि विनवणारा एकटा नसतो. मर्क्युरीच्या गाण्यात एकटेपणाची तक्रार करणाऱ्याला उत्तर देणारा वृंद त्याच्या आणि त्याच्या दोन साथीदारांच्याच आवाजातून बनलेला आहे. जेवढा मेळा वाढतो तेवढा एकटेपणा गडद होतो. गॉस्पेलचा वेष घेऊन गॉस्पेलमध्ये नसलेली गोष्ट सांगितली गेली. आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’मध्ये कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावणीच्या आणि कर्नाटकी चाली घेतल्या, आणि त्यातून जे उभे राहिले त्याला मराठी रंगभूमीने उसनवारी म्हटले नाही. चाल कुठून आली यापेक्षा ती नव्या जागी काय करते, यावर त्या नाटकाची किंमत ठरली.

त्याचे सगळेच प्रयोग साधले असे मात्र नाही. १९८० मध्ये डीकन यांच्या ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ने अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला आणि मर्क्युरीला नृत्यगृहांतल्या संगीताची ओढ लागली. १९८२ ची ‘हॉट स्पेस’ त्या ओढीतून आली. क्वीनच्या जुन्या चाहत्यांनी ती नाकारली, आणि मला वाटते त्यांचे कान काही अगदीच चुकीचे नव्हते. तिथे ताल उचलला आहे पण त्या तालात स्वतःची गोष्ट सापडलेली नाही. त्याचीच १९८५ ची एकट्याची तबकडी ‘मिस्टर बॅड गाय’ही विस्कळीत आहे. सगळे सारखेच जवळचे असण्यात हा धोका राहतोच. प्रेम खूप गोष्टींवर जडते, प्रत्येकीला पुरेसा वेळ देता येतोच असे नाही. याउलट १९७९ चे ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ म्युनिकच्या एका हॉटेलात अंघोळ करता करता सुचले. फारशी येत नसलेल्या गिटारवर, मोजक्या स्वरमेळांत, एल्व्हिसला वंदन म्हणून ते रचले गेले आणि तेही अमेरिकेत पहिले आले. हेक्टिक्सच्या पियानोवर ज्या काळची गाणी बोटांत मुरली होती त्या काळचे हे गाणे. ते एवढे झटपट आले कारण त्याचे ऐकणे वीस वर्षांपूर्वीच पूर्ण झाले होते.

इथे न्यायाची एक गोष्ट नोंदवायला हवी. क्वीनच्या चौघांनीही मोठी गाणी लिहिली. प्रेक्षकांनी टाळ्या-पावलांनी म्हणायचे ‘वी विल रॉक यू’ मे यांचे आहे, ‘रेडिओ गा गा’ टेलर यांचे. मर्क्युरीच्या कानात ऐकू आलेले बाहेर काढायला मे यांची गिटार, टेलर यांचा उंच सूर आणि डीकन यांचा संयम लागलाच. एकट्याच्या तबकडीत ते नव्हते आणि त्यांची उणीव ऐकू येते. म्हणून कानसेन म्हणताना मी त्याला एकट्याचे श्रेय देत नाही. मात्र कोणते दार उघडायचे हे बहुतेक वेळा तो ठरवी.

ते शेवटचे मोठे दार उघडले ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये. मर्क्युरी तिथे गेला होता ऑपेराचा टेनर पाव्हारोत्ती याला ऐकायला. खेळ होता व्हेर्दीचा ‘उन बाल्लो इन मास्केरा’. स्पॅनिश गायिका मॉन्सेरात काबाये रंगमंचावर आली आणि तो पाव्हारोत्तीला विसरला. काबायेची ख्याती होती ती वरच्या सुरांतल्या अतिशय हळुवार, लांब टिकणाऱ्या आवाजासाठी. श्वास कुठे संपतो ते कळू न देण्यासाठी. लाखोंच्या मैदानांना आवाजाने हलवणारा गायक एवढ्या क्षीण स्वराने थरारून गेला, यावरून त्याला गाण्यात काय मोठे वाटत होते ते समजते. पुढे स्पेनमधल्या एका मुलाखतीत त्याने तिला जगातली सर्वोत्तम गायिका म्हटले, आणि ते काबायेपर्यंत पोहोचले. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात दोघे भेटले. त्याने आणि पियानोवादक माइक मोरान यांनी तिच्या आवाजासाठी एक रचना करून आणली होती. आधी ती मर्क्युरीने स्वतःच उंच, पातळ आवाजात तिच्या शैलीने गाऊन मुद्रित केली होती. पाचगणीतला मुलगा रेडिओवर ऐकलेले पियानोवर वाजवून दाखवी, तसाच हा चाळिशीतला गायक ऐकलेल्या काबायेला स्वतःच्या गळ्यातून वाजवून दाखवत होता. तिने लवकरच ती रचना लंडनमध्ये रंगमंचावर गायली.

त्या भेटीतून ‘बार्सिलोना’ ही तबकडी जन्मली, १९८८ मध्ये. रॉकच्या चाहत्यांना ती विक्षिप्त वाटली आणि ऑपेराच्या रसिकांना उथळ. वाद्यवृंदाचा बराचसा भाग मोरान यांच्या कीबोर्डवर उभा केलेला होता, ही उणीव उघड आहे; २०१२ मध्ये खरा वाद्यवृंद घालून ती पुन्हा काढली गेली. पण गाताना कोण कोणाच्या घरी गेले आहे ते ऐकावे. मर्क्युरी ऑपेरा गायक असल्याचा आव आणत नाही. तो आपल्या रॉकच्या आवाजातच राहतो, काबाये आपल्यात, आणि तरीही वाक्ये एकमेकांत अशी गुंफली जातात की तिचे संपले कुठे हे कळायच्या आत त्याचे सुरू होते. वर्षानुवर्षे स्वतःच्याच आवाजाचे थर चढवून वृंद करणाऱ्याला अखेर दुसरा खरा आवाज सापडला होता. या सुमारास आपल्याला एचआयव्हीची बाधा झाली आहे हे त्याला कळले होते. ८ ऑक्टोबर १९८८ ला बार्सिलोनात काबायेबरोबर तो रंगमंचावर उभा राहिला आणि तो त्याचा शेवटचा मंचीय कार्यक्रम ठरला. त्याआधी, १९८७ मध्ये, त्याने द प्लॅटर्सचे ‘द ग्रेट प्रिटेंडर’ पुन्हा गाऊन काढले. मूळ गाणे १९५५ चे. आठ वर्षांचा फारोख पाचगणीला आला तो याच वर्षी.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनच्या केन्सिंग्टनमधल्या घरी फ्रेडी मर्क्युरी वारला. आदल्याच दिवशी त्याने आजाराची जाहीर कबुली दिली होती. वय पंचेचाळीस. तीन दिवसांनी पश्चिम लंडनच्या दहनभूमीत अंत्यविधी झाला, अर्ध्या तासाहून कमी वेळाचा. पांढऱ्या वेषातल्या पारशी दस्तुरांनी अवेस्तातील प्रार्थना म्हटल्या, ज्या त्याने झांझिबारच्या घरात सर्वांत आधी ऐकल्या होत्या. पेटी आत आणली तेव्हा अरेथा फ्रँकलिन गात होती, आणि निरोप दिला गेला तेव्हा काबाये, व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’तली आरिया.